मेसचे ताट आणि चार जणींची खोली

प्रश्न : ताई, मी मूळची लातूर जिल्ह्यातली. सध्या पुण्यात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. वसतिगृहात नंबर लागला नाही, म्हणून आम्ही चौघी कॉट बेसिसवर एका खोलीत राहतो आणि दोन्ही वेळा मेसला जेवतो. गेल्या महिन्यात कॉलेजात रक्तदान शिबिर होते, तेव्हा माझे हिमोग्लोबिन १०.४ निघाले आणि मला परत पाठवले. तेव्हापासून आपण काय खातो याकडे मी लक्ष देऊ लागले. मेसला आठवड्यातून चार-पाच वेळा बटाटाच असतो. पालेभाजी केली तर ती पाण्यात तरंगत असते, म्हणून मी ती टाकते आणि चटणी-पोळी खाऊन उठते. फळे आणली तर एका दिवसात संपतात, नाहीतर काळी पडतात. खोलीत शेगडी, किटली काही चालत नाही. मैत्रीण म्हणते, रोज बीट-गाजराचा ज्यूस पी. आमच्या शेतात भाजी पिकते आणि मी इथे भाजीवाचून राहते, हे आईला सांगायची लाज वाटते. मी नेमके काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत आणि त्या आधी वेगळ्या करायला हव्यात. पहिली म्हणजे तुमचे हिमोग्लोबिन आणि दुसरी म्हणजे तुमच्या ताटातील भाज्या व फळे. दुसरी सुधारली की पहिली आपोआप सुधारेल, अशी तुमची समजूत झालेली दिसते आणि मैत्रिणीने सुचवलेला ज्यूसही त्याच समजुतीतून आला आहे. रक्तदानासाठी हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम लागते, त्यामुळे तुम्हाला परत पाठवले हे योग्यच झाले. परंतु रक्तदानाचा विषय बाजूला ठेवला तरी, गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असल्यास तो रक्तक्षय मानला जातो आणि १०.४ हा आकडा त्यातील मध्यम प्रकारात मोडतो. एवढी तूट केवळ मेथी-पालक खाऊन भरून निघत नाही. शिबिरातील तपासणी बोटातून काढलेल्या थेंबावर झालेली असणार, म्हणून याच आठवड्यात कॉलेजच्या आरोग्य केंद्रात किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात जाऊन रक्ताची पूर्ण तपासणी करून घ्या. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल किंवा गेल्या काही वर्षांत जंताचे औषध घेतलेले नसेल, तर तेही डॉक्टरांना न लाजता सांगा. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्या. पोट बिघडले किंवा शौचाचा रंग काळा झाला म्हणून परस्पर बंद करू नका. या गोळ्यांनी रंग बदलतोच आणि पोटाचा त्रास होत असेल तर डॉक्टर गोळी किंवा तिची वेळ बदलून देऊ शकतात.

यात तुम्ही एकट्या नाही, हेही सांगून ठेवते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. तुमच्या खोलीतील चौघींपैकी तपासणी फक्त तुमची झाली आहे. उरलेल्या तिघींनाही सोबत घेऊन जा.

बिटाबद्दल थोडक्यात सांगते, कारण हा समज फार चिवट आहे. बिटाचा लाल रंग आणि रक्ताचा लाल रंग यांचा एकमेकांशी संबंध नाही. १०० ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमच्या आतबाहेर असते आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार तुमच्या वयाच्या स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते. बीट जरूर खा, ते चांगले कंदमूळ आहे. मात्र रक्तवाढीचे औषध म्हणून ज्यूस सेंटरवर रोज पैसे मोडू नका. पालकात लोह बिटापेक्षा जास्त असले तरी ते अंगी कमी लागते. शाकाहारी जेवणातील लोह शरीराने उचलावे यासाठी त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व पोटात जाणे फार उपयोगी ठरते आणि त्यासाठी लिंबू, पेरू, आवळा, टोमॅटो, कच्ची कोबी यांसारख्या अगदी साध्या वस्तू पुरतात. तुमच्या मेसची उसळ, डाळ आणि पोळी यांत लोह आधीपासून आहे. त्यावर अर्धे लिंबू पिळले तर त्याच जेवणातून तुम्हाला अधिक लोह मिळेल. जेवण संपताच कटिंग चहा घेण्याची जी सवय मेसबाहेरच्या टपरीमुळे लागते, ती मात्र याच्या उलट काम करते. चहा सोडू नका, तासभर पुढे ढकला.

आता भाज्या-फळांच्या मूळ प्रश्नाकडे येते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे खावीत असे सांगते आणि त्या हिशेबात बटाटा व तत्सम पिठूळ कंद धरत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हे प्रमाण आणखी वाढवून सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे असे सुचवले आहे. हे आकडे वाचून दडपण येऊ शकते, म्हणून ते तुमच्या ताटाच्या भाषेत मांडते. एक मध्यम गाजर, एक सोललेले केळे किंवा लहान पेरू म्हणजे साधारण ८० ते १०० ग्रॅम. मेसची एक वाटी भाजी कागदोपत्री १०० ग्रॅम भरेल, पण त्यात रस्सा किती आणि बटाटा किती हे वजा केले, की हाती फारसे काही उरत नाही. तुमच्या पत्रावरून तुमचा एक दिवस मी अंदाजाने मांडून पाहिला. सकाळी पोहे किंवा वडापाव, दुपारी बटाटा-रस्सा आणि पोळी, संध्याकाळी चहा-खारी, रात्री मटकीची उसळ, भात आणि काकडीच्या दोन चकत्या. मटकी उत्तम आहे, परंतु ती कडधान्य आहे, तिला भाजीच्या खात्यात जमा करता येत नाही. म्हणजे अशा दिवशी तुमच्या पोटात ५० ग्रॅमही भाजी जात नाही आणि फळ तर नाहीच. उद्यापासून एकदम ४०० ग्रॅमचे व्रत घेऊ नका. आधी दिवसाला दोन ठोस भर घाला, एक मेसच्या ताटात आणि एक खोलीत, आणि त्या दोन टिकल्या की तिसरीचा विचार करा.

मेसपासून सुरुवात करण्याचे कारण असे, की त्या जेवणाचे पैसे तुम्ही महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच भरलेले असतात आणि विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारी सर्वांत स्वस्त भाजी तीच. तिथे बटाटा इतका का असतो, हे मेस चालवणाऱ्याच्या बाजूनेही पाहायला हवे. बटाटा पोत्याने येतो, आठवडाभर टिकतो, जेवणारे अचानक वाढले तर रस्सा वाढवता येतो आणि मुख्य म्हणजे बटाट्याला कोणी नावे ठेवत नाही. याउलट शंभर मेंबरांसाठी मेथी करायची तर ती निवडण्यातच मावश्यांची सकाळ जाते, माती निघेपर्यंत पाण्यामागून पाणी बदलावे लागते आणि पातेलेभर पाला शिजून तळाला बसतो. एवढे करून निम्मी मुले-मुली ती ताटात तशीच सोडून उठतात. तुम्हीही टाकता, असे तुम्हीच लिहिले आहे. उष्ट्याच्या टोपलीत पालेभाजी दिसली, की दुसऱ्या आठवड्यात तिच्या जागी बटाटा येतो. मेसमालकाला दुसरे कोणतेही मत-पत्र मिळत नाही. म्हणून ती पाणीदार पालेभाजी उद्यापासून टाकू नका. ती नुसती खाववत नसेल तर वरण-भातात कालवा, वर लिंबू पिळा, खोलीतून नेलेली शेंगदाण्याची चटणी चमचाभर मिसळा. लातूरकडच्या माणसाला शेंगदाण्याच्या चटणीने काय काय खपवता येते, हे मी सांगायला नको.

त्याच वेळी मेसमालकाशी बोला, पण एकट्याने आणि जेवणाच्या गर्दीत बोलू नका. दहा-पंधरा मेंबरांनी मिळून महिन्याचे पैसे भरायच्या वेळी बोलले, की ऐकून घेतले जाते. मागणीही अशी करा, जी त्याला परवडेल. ‘रोज वेगवेगळ्या भाज्या करा’ ही मागणी मान्य होणार नाही आणि झाली तरी टिकणार नाही. त्याऐवजी रोजच्या ताटात कच्चे काहीतरी मोजून न वाढता मोकळे ठेवावे, अशी विनंती करा. म्हणजे किसलेले गाजर, मुळा, कोबी, काकडी यांपैकी जे त्या दिवशी स्वस्त असेल ते, आणि सोबत लिंबाच्या फोडी. यासाठी गॅस लागत नाही, तेल लागत नाही, निवडत बसावे लागत नाही आणि कोबी-मुळा-गाजराचा हंगामातील भाव बटाट्याच्या फार पुढे नसतो. बटाट्याच्या भाजीत निम्मा फ्लॉवर, वाटाणा, वांगे किंवा शेवग्याच्या शेंगा घालाव्यात, ही दुसरी विनंती. रविवारच्या फीस्टमधला गुलाबजाम महिन्यातून दोनदा वगळून त्या पैशांत केळ्याची शिकरण किंवा फळांच्या फोडी द्याव्यात, असे सुचवून पाहा; काही जणांच्या कपाळावर आठ्या चढतील, त्याची तयारी ठेवा. सुधारणेला आणखी एक जागा आहे. बहुतेक मेसमध्ये रविवारी संध्याकाळी सुट्टी असते आणि एखाद-दुसऱ्या दिवसाचे खाडे धरले जात नाहीत. त्या रविवारच्या रात्री तुम्ही चौघी काय खाता? नूडल्स किंवा बाहेरची पावभाजी, असा माझा अंदाज आहे. ती रात्र तुमच्या ताब्यातली आहे आणि त्याबद्दल पुढे लिहिते.

खोलीत शेगडी नाही, किटली चालत नाही, हा तुमचा अडथळा खरा आहे. लपवून किटली वापरा, असे मी सुचवणार नाही. कॉट बेसिसच्या जुन्या इमारतींतील वायरिंग पाहिले असेल तर तुम्हालाही कारण कळेल. पण तुमच्याच मुलखात विस्तवाशिवाय होणारी पालेभाजी आहे आणि ती तुम्ही पुण्यात आल्यावर विसरलात याचे मला थोडे नवल वाटले. हिवाळ्यात कोवळी मेथी किंवा कांद्याची पात स्वच्छ धुऊन, निथळून, हाताने तोडायची, त्यात बारीक चिरलेला कांदा, शेंगदाण्याचे कूट, तिखट, मीठ आणि चमचाभर कच्चे तेल घालून बोटांनी हलके कालवायचे, की घोळाणा तयार. मेसमधून जास्तीच्या दोन पोळ्या आणल्या, की रविवार रात्रीचे जेवण झाले. हरभऱ्याचा कोवळा पाला बाजारात येतो तेव्हा त्याचाही असाच होतो. यासाठी सुरी, एक खोल भांडे, चाळणी आणि छोटी ताटली एवढ्या वस्तू लागतात. त्या चौघींत मिळून एकदा घ्या आणि पुस्तकांच्या रॅकवर एक कप्पा त्यांच्यासाठी मोकळा करा. कच्चा पाला खाताना मात्र कंटाळा करून चालत नाही. देठांच्या बेचक्यात माती आणि अळ्या असतात, म्हणून पाने आधी सुटी करून वाहत्या पाण्याखाली धुवावीत आणि शेवटचे पाणी पिण्याचे असावे. पावसाळ्यात कच्चा पाला पूर्ण बंद ठेवा. त्या दिवसांत सोलून खाता येईल अशी काकडी आणि गाजर बरे. टोमॅटो, काकडी, कांदा आणि दह्याचा एक छोटा डबा एवढ्यावर कोशिंबीर होते आणि तिला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

आता फळांबद्दल लिहिते आणि इथे मला सविस्तर लिहायचे आहे, कारण फळांच्या आड येणारी गोष्ट पैशापेक्षा वेगळी आहे, असे मला वाटते. आपल्याकडे फळ हे रोजचे अन्न मानलेच जात नाही. ते आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायचे, उपवासाला खायचे, देवापुढे ठेवायचे किंवा पाहुणे आले की कापायचे. धडधाकट तरुण मुलीने कारणाशिवाय पेरू विकत घेऊन खाणे हा आपल्या मनात कुठेतरी चोचल्याचा भाग असतो. म्हणूनच जी मुलगी विचार न करता वडापाव घेते, तीच केळेवाल्यापुढे भाव विचारून पुढे जाते, जरी एका वडापावच्या पैशांत दोन-तीन केळी येत असली तरी. ‘फळे महाग आहेत’ असे विद्यार्थी म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर सफरचंद, किवी आणि ड्रॅगन फ्रूट असते. ती महाग आहेतच आणि त्यांची तुम्हाला काही गरजही नाही. १०० ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व २०० मिलिग्रॅमच्या आसपास असते, संत्र्याच्या जवळजवळ चौपट, आणि पेरू हे आपल्याकडच्या सर्वांत स्वस्त फळांपैकी एक आहे. बोरे, आवळे, केळी, पपई, चिकू, हंगामातील संत्री, सप्टेंबरच्या सुमाराची सीताफळे, उन्हाळ्यातील कलिंगड, एवढ्यात तुमचे वर्ष निघते.

दुसरी अडचण तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात, पण माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. ‘फळे आणली तर एका दिवसात संपतात,’ असे तुम्ही लिहिता. चार जणींच्या खोलीत एकटीने पेरू कापून खाणे आपल्या संस्कारात बसत नाही. डझनभर केळी आणली तर ‘घ्या ग’ म्हणावेच लागते, पहिल्याच रात्री आठ उडतात आणि आणणारीच्या वाट्याला तीन-चार येतात. दोन-तीनदा असे झाले, की आणणारी आणणे बंद करते आणि कोणाला काही बोलूनही दाखवत नाही. खोलीतल्या चौघींनाही हाच अनुभव आलेला असतो. परिणामी चौघींकडे पैसे असूनही खोलीत फळ येत नाही. यावर मला एकच उपाय ठाऊक आहे आणि तो म्हणजे वर्गणी. पाण्याच्या जारची आणि वाय-फायची वर्गणी तुम्ही काढतच असाल, त्यात फळांची घाला. महिन्याच्या सुरुवातीला प्रत्येकीने ठरलेली रक्कम एका डब्यात टाकायची आणि आठवड्यातून दोनदा, आळीपाळीने, जिची पाळी असेल तिने बाजारात जायचे. पैसे चौघींचे असले, की खाण्यात संकोच राहत नाही आणि रोज प्रत्येकीच्या वाट्याला एक फळ येते की नाही, यावर चौघींचे लक्ष राहते. एखादी म्हणेल, ‘मला फळे आवडत नाहीत, मी वर्गणी देणार नाही.’ तिला आग्रह करू नका. तिघींवर सुरू करा.

खरेदीबाबत काही व्यवहाराच्या गोष्टी सांगते. कॉलेजच्या फाटकासमोरच्या गाडीवर कापलेल्या फळांची प्लेट घेण्यापेक्षा मंडईत किंवा तुमच्या भागात भरणाऱ्या शेतकरी आठवडे बाजारात पूर्ण फळ घ्या. उघड्यावर कापून ठेवलेली फळे महागही पडतात आणि पोट बिघडवण्याचीही भीती असते. संध्याकाळी उशिरा हातगाडीवाले उरलेला माल वाट्याने काढतात, तेव्हा पेरू, संत्री, टोमॅटो बरेच स्वस्त मिळतात. मात्र तुमच्या इमारतीचे दार किती वाजता बंद होते, ते पाहूनच तिकडे जा. केळी डझनाने घेऊ नका. अर्धा डझन घ्या आणि त्यातही निम्मी पिवळी, निम्मी हिरवट निवडून मागा. चांगला केळेवाला तशी देतो. केळी काळी पडण्याचे कारण बहुतेक वेळा प्लॅस्टिकची पिशवी असते. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो, तो पिशवीत कोंडला गेला की पिकण्याचा वेग वाढतो. म्हणून खोलीत आल्याबरोबर पिशवी सोडा आणि केळी खिळ्याला दोरीने टांगून ठेवा. पेरू आणि चिकू त्यांच्याजवळ ठेवू नका. पेरू कडक घेतला तर तीन-चार दिवस निघतात, संत्री-मोसंबी फ्रिजशिवाय आठवडाभर राहतात आणि लिंबे त्याहून जास्त. कलिंगड एकदा कापले की फ्रिजशिवाय ठेवता येत नाही, पण चौघींनी एका बैठकीत संपवण्यासाठी त्याच्याइतके सोयीचे फळ नाही.

फळ खायचे कधी, हेही ठरवून घ्या, नाहीतर ते टेबलावर सुकत बसते. प्रॅक्टिकलच्या दिवशी तुम्ही सकाळी न खाता धावत जात असाल, असे गृहीत धरून सांगते, की खोलीतून बाहेर पडताना एक फळ हातात आणि एक पिशवीत असे ठेवा. पिशवीत केळे चिरडते, पेरू आणि संत्रे चिरडत नाही. दुपारी चारच्या सुमारास, म्हणजे मेसच्या दोन जेवणांच्या मधोमध, जेव्हा पाय आपोआप वड्याच्या गाडीकडे वळतात, त्या वेळेला ते पिशवीतले फळ आधी खा. त्यानंतरही वडा खावासा वाटला तर खा. महिन्याभरात किती वेळा खावासा वाटतो, ते तुमचे तुम्हाला दिसेल. उपवास करीत असाल तर त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचे वेफर्स यांवर दिवस काढू नका. केळी, पेरू, पपई, काकडी, दही असा उपवास कोणत्याही देवाला चालतो.

ज्यूसबद्दल तुम्ही विचारले आहे. फळ चावून खाल्ले तर त्यातील तंतूही पोटात जातात, पोट भरते आणि साखर हळूहळू रक्तात उतरते. ज्यूस गाळला की तंतू चोथ्याबरोबर फेकले जातात आणि दुकानात त्यात वरून साखर व बर्फ पडतो. बर्फ कोणत्या पाण्याचा, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही. राष्ट्रीय पोषण संस्थाही रसापेक्षा अख्ख्या फळालाच पसंती देते. ज्या पैशांत एक पेला ज्यूस येतो, त्यात दोघींची दोन दिवसांची फळे होतात. जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या तर घ्या, भाजीऐवजी म्हणून घेऊ नका.

पैशाचा प्रश्न खरोखरच बिकट असेल, तर दोन सरकारी योजनांची चौकशी करा. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, तर इतर मागास वर्गातील विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना; दोन्हींत भोजन आणि निवासासाठी रक्कम थेट खात्यात जमा होते. मात्र अशी रक्कम आली, की ती आधी खोलीच्या भाड्यात आणि फॉर्मच्या फीमध्ये जाते आणि कपात ताटात होते, ही भीती खोटी नाही. २०१८ च्या जुलैमध्ये आदिवासी वसतिगृहांतील विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते, ते याच मुद्द्यावर. आम्हाला जेवणाचे पैसे नकोत, मेस सुरू ठेवा, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते मला तेव्हाही पटले होते. म्हणून शिष्यवृत्ती किंवा घरचे पैसे जमा होतील त्याच दिवशी फळांची वर्गणी बाजूला काढा, महिनाअखेरीस उरतील त्यातून काढू, असे म्हणू नका.

शेवटी आईबद्दल. लाज वाटण्यासारखे यात काय आहे, ते मला कळले नाही. शेतात भाजी पिकवणाऱ्या घरातील मुलगी शहरात बटाट्यावर राहते, हा तुमचा दोष नसून अनेक घरांतील वस्तुस्थिती आहे, आणि आकडा कळला तर आई रागावण्यापेक्षा काहीतरी करायलाच उठेल. तिला हिमोग्लोबिनचा आकडा सांगा आणि डॉक्टरकडे जात आहात हेही सांगा, म्हणजे ती उगाच घाबरणार नाही. सुट्टीहून परतताना आपल्याकडे डबे भरून दिले जातात ते लाडू, चिवडा, भडंग आणि लोणच्याचे, आणि ते खोलीत पहिल्या चार दिवसांत फस्त होतात. या खेपेला आईला म्हणावे, चिवडा अर्धा कर आणि त्या जागेत पंचवीस-तीस लिंबे, झाडाचे कडक पेरू, हंगाम असेल तर वाळके (गावठी काकडी) आणि शेंगदाण्याच्या चटणीचा मोठा डबा दे. हळिवाचे लाडू ती करीत असेल तर तेही मागून घ्या, हळिवात लोह चांगले असते. गावाकडून कोणी पुण्याला येणार असेल, तर त्यांच्याबरोबर मेथीच्या दोन जुड्याही येऊ शकतात. मात्र त्या रात्रीच निवडून, ओलसर फडक्यात गुंडाळून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. डॉक्टर पुन्हा तपासणीसाठी जी तारीख देतील ती चुकवू नका, आणि मेसमालक काय म्हणाला ते मला जरूर कळवा.